बाटली क्रमांक ५३-एन

१/९
पेडगावचा शेतकरी पेरणीआधी पिशवीभर माती परभणीला तपासणीसाठी देतो आणि हाती आलेल्या अहवालावर विसंबून खताची मात्रा ठरवतो. त्या कागदावर विश्वास का ठेवावा? प्रयोगशाळेची परीक्षा कोण घेतो? मुंबईतील एका प्रयोगशाळेला हा प्रश्न फार महागात पडला होता. तिची ही हकीकत.

२/९
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

३/९
पुढे पंजाबातून लशीची मागणी वाढली. उत्पादन जलद व्हावे म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला. लशीत कार्बोलिक आम्ल घालणे थांबवून निर्जंतुकीकरणाचा भार उष्णतेवर सोपवला.

४/९
३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल गावी (आज पाकिस्तानात) १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. तिचा क्रमांक ५३-एन. ती ४१ दिवसांपूर्वी परळला भरली गेली होती.

५/९
मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बदललेली कृती समोर होतीच. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्येच, दूषित झाली असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांचे संचालकपद गेले.

६/९
परंतु एक साक्ष शिल्लक होती. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. शिवाय ४१ दिवस जंतू बाटलीत वाढले असते तर उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. तशी कोणालाही आली नव्हती.

७/९
लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मधून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. मुल्कोवालचे १९ जण मात्र परत येणार नव्हते.

८/९
या प्रकरणात नोंदींनी बरेच तारले. बाटलीवर क्रमांक होता, भरल्याची तारीख होती, म्हणूनच शोध एका बाटलीपर्यंत पोहोचला. परंतु नोंदींची ही शिस्त परळच्या फाटकाशी संपत होती. पुढे बाटली कोणत्या हातांतून गेली, ती कशी उघडली, हे साक्षीदारांच्या आठवणींवर अवलंबून राहिले. हाफकिन यांची पाच वर्षे त्यात गेली.

९/९
आज चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठी आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक आहे. भारतात त्यानुसार अधिस्वीकृती देण्याचे काम एनएबीएल करते. प्रमाण पद्धतीत बदल केला तर ती आधी पडताळून पाहावी, उपकरणांचे कॅलिब्रेशन व्हावे, कोणी काय केव्हा केले याची नोंद राहावी, अशा त्याच्या अटी आहेत. नमुना ग्राहकाने आणून दिलेला असेल, तर 'निष्कर्ष नमुना जसा मिळाला त्यालाच लागू' असेही अहवालात लिहावे लागते. अनेकांना ही पळवाट वाटते. मुल्कोवालची हकीकत ठाऊक असेल तर तिचा अर्थ कळतो: प्रयोगशाळेची जबाबदारी कुठे सुरू होते, ते ती सांगते. त्याअलीकडची जबाबदारी आपली. खताच्या जुन्या गोणीत भरलेली माती कितीही उत्तम प्रयोगशाळेत नेली, तरी अहवाल त्या गोणीचाच येणार.