दोन टन डांबर आणि एक नॅनोग्रॅम

थंडी सुरू झाली की आमच्या चौकातला हवेचा बोर्ड केशरी-लाल व्हायला लागतो आणि त्याचे फोटो ग्रुपवर फिरतात. यंदा मीही एक फॉरवर्ड केला. मग विचार आला, हा आकडा धूळ किती ते सांगतो, पण त्या धुळीला चिकटून काय आलंय ते कुठे सांगतो? हा प्रश्न बराच जुना आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

१७७५ साली लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो, आणि कारण काजळी. लहानपणी आमच्याकडे पाणी तापवायचा बंब होता, त्याच्या नळकांड्यात जमायची तीच काजळी. पण काजळीतलं नेमकं काय? १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळून कॅन्सर करून दाखवला. तरी पदार्थ सापडेना.

तो सापडला १९३३ मध्ये, लंडनला. कुक, ह्युएट आणि हीगर यांनी दोन टन डांबर घेतलं आणि ते वेगळं करत करत शेवटी काही ग्रॅम पिवळे स्फटिक हाती आले. बेंझो-ए-पायरीन. कामी आला तो त्याचा उजेड. अतिनील प्रकाशात हा पदार्थ ठरावीक पट्ट्यांमध्ये चमकतो. ती चमक कुठल्या भागात गेली ते बघत बघत त्यांनी वाट काढली. मला तरी या सगळ्यातली ही सर्वात भारी गोष्ट वाटते.

ओळख पटली तशी तीच चमक हवेत शोधता आली. १९५२ साली वॉलर यांनी शहरातल्या हवेतल्या बेंझोपायरीनवर लेख लिहिला. त्याच डिसेंबरात लंडनवर तो कुप्रसिद्ध धुरका बसला, सुरुवातीच्या हिशेबानेच चार हजारांच्या आसपास माणसं गेली.

आता आपल्याकडे या. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझो-ए-पायरीन आहे. मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटरला १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे मोजायचं कसं? मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढणारं छोटं यंत्र दिवसभरात २४ घनमीटर हवा गाळतं. हवेत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर फिल्टरवर जेमतेम अडीच मिलिग्रॅम जमते. चिमूटभरसुद्धा नाही! आणि हवा मर्यादेवर असेल तर त्यात आपला पदार्थ २४ नॅनोग्रॅम.

जुन्या पद्धतीत फिल्टर द्रावकात उकळायचा, द्रावक आटवायचा आणि उरलेल्यातला एक थेंब यंत्रात सोडायचा. बाकीचं वायाच. म्हणून मोठे पंप आणि मोठे फिल्टर लागायचे. नव्या पद्धतीत फिल्टरचा छोटा तुकडा कापून काचेच्या नळीत ठेवतात आणि तापवतात. जे उडेल ते सगळंच्या सगळं गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जातं, तिथे एकेक पदार्थ वेगळा होतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांना वजनावरून ओळखतो. वाटेत किती हरवलं ते कळावं म्हणून आधीच तुकड्यावर त्याच पदार्थाचा जड हायड्रोजनवाला जुळा भाऊ मोजून टाकतात. जुळा जितका कमी आला, तेवढं खरं उत्तर वाढवायचं. दोन टनांवरून आपण फिल्टरच्या तुकड्यावर आलो ते असे.

म्हणजे कायद्यात मर्यादा आहे, मोजायची विद्या आहे. पण चौकातल्या बोर्डाचा निर्देशांक आठ प्रदूषकांवरून निघतो आणि त्या आठांत बेंझोपायरीन नाही. कोपऱ्यावर कचरा जाळला, ओल्या लाकडाची शेकोटी पेटवली, भट्टी धुमसली की हे तयार होतं. बोर्डावर दिसते ती फक्त धूळ.

मी माहिती अधिकारात एवढंच विचारणार आहे: आपल्या शहरात गेल्या वर्षी बेंझोपायरीनची तपासणी कुठे झाली, किती दिवस झाली आणि आकडे काय आले. उत्तर आलं की इथेच टाकतो. कोणाच्या ओळखीत अशा प्रयोगशाळेत काम करणारं कोणी असेल तर कॉमेंटमध्ये सांगा.