तिकिटांच्या वहीतल्या चौकटी



आज पोस्टाच्या तिकिटांविषयी बोलू. खरं म्हणजे तिकिटं लावायच्या वहीविषयी, आल्बमविषयी. बायकांच्या कार्यक्रमात हे कुठून आलं, असं वाटेल. पण जरा ऐका.

चिकटवायचं पहिलं तिकीट १८४० साली इंग्लंडात निघालं. काळं, एका पेनीचं. पुढच्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एका तरुणीची जाहिरात आली. तिला आपल्या खोलीच्या भिंती वापरलेल्या तिकिटांनी मढवायच्या होत्या. सोळा हजार जमली होती, आणखी हवी होती! तेव्हा तिकिटांची वही नव्हतीच, तर बाईने भिंत घेतली.

छापील आल्बम १८६२ साली पॅरिसमध्ये लालिए नावाच्या गृहस्थाने काढला. देशवार पानं आणि पानांवर आखलेल्या चौकटी. सोय झाली, पण चौकटी लहान पडल्या. मग लोकांनी काय करावं? तिकिटंच कातरली. झंपर दंडात घट्ट होतो म्हणून दंड तासण्यातला हा प्रकार. आपल्याकडेही १८५४ साली कलकत्त्याला छापलेल्या चार आण्याच्या तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचं डोकं अष्टकोनात होतं. त्यातली पुष्कळ तिकिटं आज अष्टकोनावरून कातरलेलीच सापडतात. चारी बाजूंचा कागद शाबूत असलेल्या तिकिटाला मोल फार.

छापील वही आणखी एक गोष्ट ठरवून टाकते, ती म्हणजे क्रम. ज्या साली तिकीट निघालं, त्या सालाच्या पानावर ते जातं. १९५२ साली संत आणि कवींची सहा तिकिटं निघाली : कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब, टागोर. सहांत बाई एकच, मीराबाई.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणाची तिकिटं वर्षांप्रमाणे लावून बघा. १९५८ महर्षी कर्वे. १९६२ रमाबाई रानडे. १९७७ महात्मा फुले. १९८९ पंडिता रमाबाई. आणि १९९८ सावित्रीबाई. ज्योतिराव आणि सावित्रीबाई यांच्यात एकवीस वर्षांची पानं!

काम मात्र कोणत्या क्रमाने झालं? पुण्यात फुल्यांची मुलींची शाळा १८४८ ची. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं. कर्व्यांचा आश्रम १८९६ चा, पुण्याचं सेवासदन १९०९ चं. जिने पहिल्यांदा शिकवलं, शेणामातीचा मारा सोसला, ती वहीत सगळ्यांत शेवटी. तिकीट उशिरा निघालं हा वहीचा दोष नाही. पण तेच पान शाळकरी मुलीच्या हाती दिलं, तर तिला इतिहास उलटा दिसणार, असं आम्हाला वाटतं.

म्हणून आमच्या गटाने स्वतःचं पान केलं. संगणकावर तक्ता आखता येतो, त्याच्याच चौकटी. वरच्या ओळीत सावित्रीबाई आणि ज्योतिराव शेजारी शेजारी, मग बाकीचे कामाच्या सालाप्रमाणे. प्रत्येकाखाली दोन ओळी मराठीत : काम कुठे केलं, कधी केलं आणि तिकीट कधी निघालं. दोन्ही सालं लिहायचीच, कारण त्यांच्यातलं अंतर हाही इतिहासच आहे.

तुम्ही पान कराल तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. तिकीट दात्यांसकट पट्टीने मोजा आणि चौकटीत चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर जागा जास्त ठेवा. छापताना केंद्रावरच्या मुलाला 'शंभर टक्के मापात काढ' असं बजावा. नाहीतर यंत्र पान कागदात बसवायला आकसून टाकतं आणि लालिएच्या वहीसारखी गत होते. कागद जाड घ्या. डिंक तर मुळीच नको. तिकिटांसाठी हिंज नावाच्या पातळ कागदी पट्ट्या मिळतात, त्या वापरा. पुढे तिकीट सोडवता येतं.

आमच्या पानावर सावित्रीबाईंच्या शेजारी एक चौकट मोकळी आहे. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून ज्योतिरावांना पत्र लिहिलं, त्यात शाळेचा भार एकटीवर पडलेल्या फातिमाची आठवण काढली आहे. त्या चौकटीत तिकीट नाही. तिच्याखाली आम्ही पेनने लिहिलं आहे : फातिमा शेख, पुणे.