मोत्यांची चादर, बाबाशाही रुपया आणि बडोद्यातले तीन अर्थशास्त्रज्ञ

बाहेरगावचे पाहुणे बडोद्याला आले की आपण त्यांना लक्ष्मीविलास राजवाडा दाखवतो. मग खंडेराव महाराजांच्या मोत्यांच्या चादरीची गोष्ट सांगतो, मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफांची सांगतो. ती चादर आता इथे नाही. २००९ साली दोहा शहरात तिचा लिलाव झाला, सुमारे ५५ लाख डॉलरला ती गेली आणि आज कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावरचे मोती मुळात तिकडच्याच आखातातले. कापूस-अफूच्या पैशावर ते इकडे आले, तेलाच्या पैशावर परत गेले!

पण या टिपणाचा विषय चादर नाही. त्या चादरीमागे जो खजिना होता, तो कशावर खर्च व्हावा, याचा वाद बडोद्यात पन्नास वर्षं चालला. आणि त्या काळात हिंदुस्थानातल्या अर्थकारणाबद्दल सरकारी मताच्या विरुद्ध बोलणारी तीन मोठी माणसं या एका गावाशी जोडली गेली.

पहिले दादाभाई नौरोजी. १८७३ साली विलायतेत पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी वार्षिक उत्पन्न जेमतेम २० रुपये, आणि त्यातूनही पगार, पेन्शन, व्याज या वाटांनी पैसा दरसाल इंग्लंडला वाहून जातो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी हे गृहस्थ मल्हाररावांचे दिवाण झाले. बाळ मंगेश वागळे, काझी शहाबुद्दीन, होर्मसजी वाडिया अशी शिकलेली माणसं त्यांनी बरोबर आणली. पण दरबारी मंडळींना हिशेब नको होता, आणि रेसिडेंट कर्नल फेर यांना दादाभाई नको होते. १८७५च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. त्याआधीच फेर यांच्यावर विषप्रयोगाचं प्रकरण निघालं होतं. एप्रिलात मल्हारराव पदच्युत झाले. विषप्रयोगाची हकीकत आपल्याकडे चवीनं सांगतात, दादाभाईंच्या दिवाणगिरीची फारशी कोणी सांगत नाही.

मग कवळाण्याचा मुलगा दत्तक आला. सर टी. माधवरावांनी खजिन्याची घडी बसवली आणि १८८१च्या डिसेंबरात सयाजीरावांच्या हाती कारभार आला. ते काही साधेपणानं राहणारे नव्हते. राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीत पुरा झाला, परदेशवाऱ्यांचा खर्चही मोठा होता. तरी १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. शेजारच्या ब्रिटिश मुलखात हे नव्हतं. गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात शिक्षणाचं बिल आणलं, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. पुढच्या वर्षी ते बिल पडलं. एका संस्थानाला जे परवडतं ते साम्राज्याला का परवडू नये, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

याचं उत्तर समजायला रुपया बघावा लागतो. इथे जरा थांबू, कारण ही भानगड थोडी किचकट आहे. १८७० नंतर जर्मनी आणि इतर देश सोन्याच्या नाण्याकडे वळले आणि चांदी घसरत गेली. दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. विलायतेचे देणे पौंडात, म्हणजे तेवढ्याच देण्यासाठी रयतेकडून जास्त रुपये काढायचे. १८९३ साली इंग्रज सरकारने लोकांकडून चांदी घेऊन नाणी पाडून देणं बंद केलं. नवे रुपये दुर्मिळ झाले, त्यांचा भाव चढला आणि शेवटी १५ रुपयांना एक पौंड असा दर ठरला. सारा ठरलेला रुपयांतच, पण तो रुपया आता महाग. शेतकऱ्यावर न बोलता करवाढ झाली. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसू लागली, आणि दुष्काळाच्या वर्षांत ही शिल्लक कसली मिरवता, असं गोखल्यांनी १९०२च्या अर्थसंकल्पावर बोलताना सुनावलं.

बडोद्याचं स्वतःचं नाणं होतं, बाबाशाही रुपया. त्यात चांदी असेल तेवढीच त्याची किंमत. ब्रिटिश रुपया चांदीच्या वर चढला आणि बाबाशाही चांदीबरोबर खाली राहिला. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत ब्रिटिश जिल्ह्यांत विखुरलेले. गावाची वेस ओलांडली की सराफाकडे बट्टा. विसाव्या शतकाच्या तोंडावर बाबाशाही बंद होऊन ब्रिटिश नाणं आलं. व्यापाऱ्यांची सोय झाली, यात शंका नाही. पण आपला रुपया किती मोलाचा हे ठरवणं आता पुरतं लंडनच्या हाती गेलं. शाळेवर खर्च करायची मुभा बडोद्याला राहिली, तो खर्च मोजायचं माप राहिलं नाही.

अशा वेळी १९०४ साली रमेशचंद्र दत्त बडोद्याचे महसूलमंत्री झाले. जास्त साऱ्यामुळे शेतकरी दुष्काळात मरतो, असं कर्झनला उघड पत्रांतून सांगणारा आणि हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास दोन खंडांत लिहिणारा माणूस आता स्वतःच सारा वसूल करायला बसला. टीका करणाऱ्याला खुर्ची द्यावी, ही सयाजीरावांची रीत मला मोठी वाटते. त्या सुमारास जाती-धंद्यांवरचे जुने वेरे काढून प्राप्तिकर आणायचं काम संस्थानात चालू होतं. १९०८च्या जुलैत बँक ऑफ बडोदा निघाली. दत्त १९०९ साली दिवाण झाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच वारले.

तिसरे डॉ. आंबेडकर. १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च, मग प्रांतांची अर्थव्यवस्था, हे त्यांचे तिथले अभ्यासाचे विषय. १९२३च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त त्यांनी थेट केन्सचं मत खोडलं. विलायती पौंडाशी बांधलेला, सरकारला हवा तेवढा पाडता येणारा रुपया गरिबाला सुरक्षित नाही, नाणी पाडण्यावर पक्की मर्यादा हवी, असं त्यांनी मांडलं.

त्याआधी १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्यात नोकरीला आले होते. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. गावात राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. अर्थशास्त्र शिकायला न्यूयॉर्कला पाठवण्याइतके पैसे संस्थानाच्या तिजोरीत होते, त्याच माणसाला एक खोली देणारं घर शहरात नव्हतं.

१९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक निघालं. अर्पणपत्रिकेत नाव आहे ते सयाजीराव गायकवाडांचं. बडोदे शहराचा तिथे उल्लेख नाही, तो फक्त महाराजांच्या पदवीत येतो.