मागच्या सीटकडून स्टिअरिंगकडे

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात. अश्वशक्ती किती, वेग किती, पेट्रोल किती पिते, हे त्यांचे प्रश्न. पण गाडीचा खरा स्वभाव समजून घ्यायचा तर एक निराळाच प्रश्न विचारावा लागतो : ही गाडी कोणत्या सीटसाठी बांधली आहे? आपल्याकडे कित्येक दशके धावलेल्या अ‍ॅम्बॅसडरचे उत्तर साधे होते. ती मागच्या सीटची गाडी. पुढे ड्रायव्हर आणि मागे कधी मंत्री, कधी कलेक्टर, तर कधी लग्नाला निघालेले आजी-आजोबा व त्यांच्या मांडीवर दोन नातवंडे. याच्या उलट टोकाला स्पोर्ट्‌स कार. ती केवळ चालवणाऱ्याची. मागे बसणाऱ्याला तिच्यात स्थानच नसते.

या दोन टोकांमधला प्रवास एका गाडीने अवघ्या अठ्ठावीस वर्षांत केला. टोयोटा कंपनीची अ‍ॅव्हलॉन ही ती गाडी. जन्म १९९४, अमेरिकेतील अखेर २०२२. कंपनीने ती आपल्या देशात कधी विकली नाही, त्यामुळे बहुतेक वाचकांनी ती पाहिलेली नसेल. तरीही तिची कथा सांगावीशी वाटते. कारण तो केवळ यंत्राचा इतिहास नाही. वडीलधाऱ्यांसाठी मांडलेला संसार तरुणांना आवडेल असा करायला निघालेल्या घराची ती गोष्ट आहे, आणि ती आपल्याला सहज कळावी अशी आहे.

नांगर आणि माग

टोयोटा हे नाव आपल्या भागाला तसे परके नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. जवळजवळ त्याच काळात जपानमध्ये साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव हातमाग सुधारत सुधारत स्वयंचलित मागापर्यंत पोहोचले. त्यांचे पुत्र किइचिरो मोटारीकडे वळले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. एक घराणे नांगरातून आले, दुसरे मागातून. १९९७ मध्ये या दोन्ही घराण्यांची नावे कर्नाटकातील बिडदी येथे एका कारखान्याच्या पाटीवर एकत्र आली. असो. आपली कथा मात्र सातासमुद्रापलीकडची आहे.

पहिला पराभव

१९५७ साली टोयोटाने अमेरिकेत आपली पहिली प्रवासी गाडी पाठवली. नाव क्राउन, म्हणजे मुकुट. जपानमधल्या खडबडीत, अरुंद रस्त्यांवर ती गाडी दणकट ठरली होती. पण अमेरिकेच्या लांबच लांब महामार्गांवर तिला दम लागू लागला. तिथल्या वेगाला तिचे इंजिन पुरेना. तीन-चार वर्षांतच तिची तिथली विक्री थांबवण्याची वेळ आली. अमेरिकी माणसाची मोठी गाडी कशी असते, याचा हा पहिला धडा होता.

जपानी कंपन्यांनी मग लहान गाड्यांचा मार्ग धरला. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि कमी पेट्रोलवर चालणाऱ्या लहान जपानी गाड्यांचे दिवस फिरले. त्यांचा खप इतका वाढला की १९८१ मध्ये जपानला आपली निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर रोखून धरणे मान्य करावे लागले. या बंधनाचा परिणाम मात्र कोणी योजला नव्हता असा झाला. संख्येवर मर्यादा आली, तेव्हा कंपन्या अधिक किमतीच्या, मोठ्या गाड्यांकडे वळल्या. आणि बाहेरून आणायला अडचण, तर तिथेच कारखाने उभारू लागल्या. केंटकी राज्यातील जॉर्जटाउन येथे टोयोटाच्या कारखान्यातून १९८८ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. अ‍ॅव्हलॉनचा पाळणा याच कारखान्यात हलला.

आजोबांची गाडी

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात अ‍ॅव्हलॉन लोकांसमोर आली. नावाची निवड मोठी मार्मिक होती. इंग्लंडच्या राजा आर्थरच्या दंतकथेत अ‍ॅव्हलॉन हे एक बेट आहे. युद्धात घायाळ झालेल्या राजाला जखमा भरून येण्यासाठी तिथे नेले जाते. म्हणजे गाडीचे नावच विश्रांतीचे.

गुणही नावाला शोभणारे. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन १९२ अश्वशक्तीचे. पण जाहिरात शक्तीची नव्हती, शांततेची होती. पुढे दोन स्वतंत्र सीटांऐवजी बाकासारखी एक अखंड सीट घेण्याची सोय होती. मग गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर जाई आणि पुढे तीन, मागे तीन अशी सहा माणसे ऐसपैस बसत. ही पद्धत अमेरिकेत फार जुनी होती आणि हळूहळू नाहीशी होत होती. जपानी कंपनीने ती आवर्जून राखली, कारण तिचे गिऱ्हाईक कोण, हे तिला ठाऊक होते. आयुष्यभर ब्यूक किंवा फोर्डची मोठी गाडी वापरलेला, मुले मार्गी लागलेला, निवृत्तीकडे झुकलेला गृहस्थ. त्याला वळणावर थरार नको होता. खड्डा कळू नये, दार सहज उघडावे, गुडघे न दुखता उतरता यावे आणि गाडी गॅरेजात पडून राहू नये, एवढ्याच त्याच्या अपेक्षा. अमेरिकेच्या सरकारी वर्गवारीत बसण्याची जागा आणि डिकी मिळून १२० घनफूट किंवा त्याहून अधिक मोकळी जागा असलेल्या सेडानला मोठी गाडी म्हणतात. अ‍ॅव्हलॉन त्या वर्गातली. तिच्यातला प्रत्येक घनफूट बसणाऱ्याच्या सुखासाठी खर्ची पडला होता.

ही निष्ठा फळाला आली. दुसरी आवृत्ती बाजारात आल्यावर २००० साली अमेरिकेत एक लाखाहून अधिक अ‍ॅव्हलॉन विकल्या गेल्या. २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीत पुढची अखंड सीट गेली, इंजिन साडेतीन लिटरचे झाले. पण मागच्या सीटची पाठ आरामखुर्चीसारखी कलती करता येऊ लागली. गुरुत्वमध्य अजून मागेच होता.

हेच सुख सर्वत्र मानवले असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटाने २००० पासून ही गाडी तिथल्याच कारखान्यात बांधली, तीही अमेरिकेत जुनी झालेली पहिली आवृत्ती. तिथल्या गिऱ्हाइकाला होल्डन आणि फोर्डच्या मागच्या चाकांवर जोर घेणाऱ्या, चालवायला रसरशीत गाड्यांची सवय. त्याला अ‍ॅव्हलॉन फिकी वाटली. २००६ मध्ये तिची जागा दुसऱ्या नावाच्या गाडीने घेतली.

कायापालट

अमेरिकेतही पुढे एक अवघड गोष्ट ध्यानात येऊ लागली. गिऱ्हाईक प्रामाणिक होते, पण त्याचे वय वाढत होते. अ‍ॅव्हलॉन घेणाऱ्यांचे सरासरी वय साठीच्या पुढे गेले. आमच्या शिक्षकी पेशात याचा अनुभव नेहमी येतो : वाचनालयाच्या सभासदांची यादी वर्षानुवर्षे तीच राहिली, तर ते निष्ठेचे लक्षण असते, तसेच ते काळजीचेही असते. नवी नावे आली नाहीत, तर एके दिवशी यादीच संपते. २०१२ साली अमेरिकेतला अ‍ॅव्हलॉनचा खप तीस हजारांच्याही आत आला.

याच सुमारास कंपनीचे वारेही बदलले होते. २००९ मध्ये संस्थापकांचे नातू आकिओ टोयोडा अध्यक्ष झाले. हे गृहस्थ स्वतः ‘मोरिझो’ या टोपणनावाने शर्यतीत उतरणारे. टोयोटाच्या गाड्या विश्वासू पण निरस, हा शिक्का पुसायचा त्यांनी चंग बांधला. एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात चौथी अ‍ॅव्हलॉन आली, तेव्हा पाहणाऱ्यांना ती ओळखू येईना. रँडी स्टीफन्स हे अमेरिकी मुख्य अभियंता. आराखडा आणि बांधणीही अमेरिकेतली. लांबी सुमारे सहा सेंटिमीटरने कमी, छप्पर थोडे खाली, वजन पन्नास किलोंच्या आसपास घटलेले. मागे उतरत जाणारे छप्पर, रुंद जबड्याचे तोंड. स्टिअरिंगच्या मागे बोटांनी गिअर बदलण्याच्या पट्ट्या आणि अधिक चपळ चालीसाठी वेगळे बटण.

यातला सर्वांत खोल बदल डोळ्यांना न दिसणारा होता. स्प्रिंग मऊ ठेवली की खड्डा पोटात घेतला जातो, पण वळणावर गाडी होडीसारखी कलते. स्प्रिंग कडक केली की गाडी रस्ता घट्ट धरते, पण रस्त्यातला खडा न्‌ खडा पाठीला कळतो. टांग्याचे पाटे ज्यांनी अनुभवले आहेत त्यांना हे सांगायला नको. आजवर अ‍ॅव्हलॉनने पहिला पक्ष धरला होता. आता ती दुसऱ्या पक्षाकडे काही पावले सरकली. म्हणजे मागे बसणाऱ्याच्या सुखातला एक अंश काढून तो चालवणाऱ्याच्या हातात दिला गेला.

जोडीला तंत्रज्ञान. बोट टेकताच उमटणारी सपाट बटणे, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारे रडार, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातल्या वाहनाची सूचना, तारेविना मोबाइल चार्ज करणारी चौकट. पेट्रोल आणि विजेवर मिळून चालणारी हायब्रिड आवृत्तीही प्रथमच आली. ती सरकारी चाचणीत गॅलनला चाळीस मैल, म्हणजे लिटरला सुमारे सतरा किलोमीटर जाई. एवढ्या मोठ्या गाडीला हे थोडके नव्हते. २०१३ मध्ये खप सत्तर हजारांच्या घरात पोहोचला. म्हातारीला नवे लुगडे शोभले, असे सगळ्यांना वाटले.

आवाजाची गंमत

जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटला पाचवी आवृत्ती आली आणि प्रवास टोकाला गेला. ३०१ अश्वशक्ती, आठ गिअर, रस्ता पाहून क्षणार्धात कडक किंवा मऊ होणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मऊपणा आणि पकड यांचे जुने भांडण यंत्राने मिटवण्याचा हा प्रयत्न खरोखर स्तुत्य होता. पण एक गोष्ट विचारात पाडते. तिच्या टूरिंग नावाच्या प्रकारात इंजिनाची गुरगुर गाडीत अधिक ऐकू यावी अशी योजना होती, आणि त्या आवाजाला स्पीकरमधूनही भर दिली जाई. ज्या गाडीच्या पूर्वजांनी इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, तिलाच आता आपण तरुण आहोत हे पटवण्यासाठी आवाज काढावा लागत होता. पुढे शर्यतीचा बाज असलेला, जमिनीलगत बसवलेला आणि लाल सीटबेल्टचा प्रकारही निघाला.

इतके करूनही तरुण आले नाहीत. २०२१ मध्ये खप वीस हजारांच्या आत होता. ही एकट्या अ‍ॅव्हलॉनची हार नव्हती. फोर्ड टॉरस २०१९ मध्ये, शेव्हरोले इम्पाला २०२० मध्ये अमेरिकी कारखान्यांतून शेवटची बाहेर पडली. गिऱ्हाईक उंच एसयूव्हीकडे गेले होते. का? तिच्यात न वाकता चढता येते, उंच बसल्याने रस्ता दूरवर दिसतो, सामान भरपूर मावते, म्हातारी माणसे आणि लहान मुले सुखाने बसतात. थोडक्यात, लोक सुखच शोधत होते. अ‍ॅव्हलॉन वेगाच्या मागे धावली, आणि तिने सोडलेली जागा दुसऱ्याच गाडीने घेतली.

२०२२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅव्हलॉन बंद झाली. तिच्या जागी आलेल्या गाडीचे नाव क्राउन. पासष्ट वर्षांपूर्वी ज्या नावाने टोयोटाने त्या देशात प्रथम हार खाल्ली होती, तेच नाव. ही नवी क्राउन सेडानच आहे, पण जमिनीपासून उंच, चढायला-उतरायला सोपी.

यावरून बदलूच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. २०१२ चा कायापालट झाला नसता, तर ही गाडी दहा वर्षे आधीच संपली असती. प्रश्न बदलाचा नाही, काय बदलायचे याचा आहे. नवी पिढी आपल्याकडे यावी म्हणून आपण तिचे बोलणे, तिचे कपडे, तिचा गोंगाट उसना घेतो. संस्था हे करतात, मंडळे करतात, घरेही करतात. पण कित्येकदा त्या पिढीला आपल्याकडून हवे असते ते आपले जुनेच देणे, फक्त तिला सहज चढता येईल अशा पायरीवर ठेवलेले. सीट तीच ठेवून पायरी बदलणे हे काम दिसायला लहान, पण सर्वांत कठीण.