काळी माती आणि तिसरी तार : वाशिमच्या घरांतील अर्थिंगचा इतिहास

१/ वऱ्हाडात ऊन तापू लागले की महावितरणचे एक आवाहन ठरलेले असते : कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा. तरीही पत्र्याच्या कूलरला हात लागून माणसे दगावतात. असे का घडते? #थ्रेड

२/ १९५६ साली भारतीय विद्युत नियम आले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातील तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

३/ या नियमांनी दोन जबाबदाऱ्या निश्चित केल्या. ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक पुरवठादाराने द्यावे (नियम ३३) आणि घरातील वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे (नियम ४५). दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यापुरती सूट होती.

४/ फ्यूज माणसाला वाचवतो, हा जुना गैरसमज. फ्यूज राखण करतो ती तारेची. ५ अँपिअरचा फ्यूज वितळण्यास जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या अंशमात्र प्रवाहानेही हृदय बंद पडू शकते.

५/ म्हणून तिसरी तार. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली आणि अर्थिंगचा रोध १० ओहम असला, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतात व फ्यूज उडतो. रोध १०० ओहम झाला, तर अवघे २.३ अँपिअर. फ्यूज शाबूत राहतो आणि पत्रा जिवंत!

६/ येथे काळी माती आडवी येते. पावसाळ्यात फुगणारी ही माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. रोध वाढतो. कूलर चालतो तो नेमका याच महिन्यांत. खड्ड्यात कोळसा व मीठ भरून वरून पाणी घालण्याची रीत ओल टिकवण्यासाठीच पडली.

७/ पुढचा टप्पा ईएलसीबी, म्हणजे आजचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, की तो क्षणार्धात वीज तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांत घरगुती जोडणीसाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर आहे.

८/ म्हणजे ज्या २.३ अँपिअरला फ्यूज दाद देत नाही, त्याच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागावर हे यंत्र जागे होते. कूलर बाहेर काढण्याआधी त्यावरचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.