जामखेडचा दवाखाना आणि गावचा पाणवठा

गावात दवाखाना उघडला म्हणजे गावाचे आरोग्य सुधारते, आणि निरनिराळ्या जातींचे रोगी एका बाकावर बसू लागले म्हणजे भेदभाव हळूहळू ओसरतो, अशा दोन समजुती समाजसेवेच्या वाङ्मयात वारंवार आढळतात. या दोन्ही समजुती पडताळून पाहण्यास जामखेड येथील ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा इतिहास विशेष उपयोगी आहे. १९७० साली सुरू झालेल्या या कार्याची कीर्ती वैद्यकशास्त्रात मोठी आहे. तथापि त्याचा सामाजिक इतिहास म्हणून विचार करावयाचा झाल्यास प्रथम पाण्याचा प्रश्न पाहावा लागतो.

महाराष्ट्रात अस्पृश्यतेचा प्रश्न पाणवठ्याभोवतीच अनेकदा उभा राहिला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. तो कागदावरच राहिल्यामुळे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व १९५५ मध्ये तीविरुद्ध कायदाही झाला. असे असूनही १९७२ साली बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ हाती घ्यावी लागली, यावरून खेड्यातील वस्तुस्थितीची कल्पना येते. आरोग्याच्या बाजूने पाहता, १९४६ च्या भोर समितीने ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्यकेंद्रांची कल्पना मांडली होती व पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात अशी केंद्रे निघू लागली. परंतु केंद्राची इमारत आणि गावकुसाबाहेरील वस्ती यांतील अंतर कसे तोडावयाचे, हा प्रश्न मागे उरला.

जामखेड हा त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील, मराठवाड्याच्या सीमेवरचा, पर्जन्यछायेचा तालुका. अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान असलेले चौंडी याच तालुक्यात असून त्यांच्या नावाने जिल्ह्याचे नामांतर २०२४ मध्ये झाले. या ठिकाणी डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) हे दांपत्य आले. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या दोघांनी पूर्वी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते. बरे होऊन गेलेले रोगी तेच आजार घेऊन पुन्हा येतात, हा तेथील अनुभव त्यांना अस्वस्थ करीत होता. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या सहकार्याने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या एका जुन्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले. कुष्ठरोग्यांना निराळे न ठेवता इतर रोग्यांबरोबरच तपासण्याची पद्धत तेथे पडली.

तथापि गावांत प्रवेश मिळवून देण्यास औषध पुरेसे ठरले नाही. निरनिराळ्या जातींच्या पुरुषांना एकत्र आणण्यासाठी संध्याकाळचा व्हॉलीबॉलचा खेळ हे साधन निवडण्यात आले. खेळानंतरच्या गप्पांत गावच्या अडचणी निघू लागल्या व त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. लोकांनी पहिल्याने मागितले ते औषध नव्हे. अन्न आणि पाणी यांची त्यांना अधिक निकड होती. लवकरच १९७२–७३ चा भीषण दुष्काळ आला आणि या मागणीला जीवनमरणाचे स्वरूप प्राप्त झाले.

दुष्काळात मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला आणि पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदण्यात आल्या. या कूपनलिका शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या लगत घेण्याचे धोरण प्रकल्पाने ठेवले. त्याचा परिणाम साधा पण दूरगामी होता. पूर्वी दलित स्त्री सवर्णांच्या विहिरीपासून दूर उभी राहून कोणी घागरीत पाणी ओतील काय, याची वाट पाहत असे. आता सवर्ण स्त्रीला घागर घेऊन दलित वस्तीत जावे लागू लागले. कोणी कोणास उपदेश केला नाही. पाण्याची जागा बदलली, आणि तिच्याबरोबर गावातील जाण्यायेण्याच्या वाटा बदलल्या.

हेच तत्त्व पुढे आरोग्यसेविकांच्या बाबतीत दिसून येते. प्रारंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठविण्यात आल्या. पण बाहेरून आलेल्या या तरुण स्त्रियांना गावाने फारसे स्वीकारले नाही. तेव्हा गावातीलच स्त्रिया निवडण्याचा मार्ग पत्करण्यात आला. त्यांतील पुष्कळशा निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. आठवड्यातून दोन दिवस जामखेडला येऊन त्या गर्भवतीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, हगवणीवर मीठसाखरेचे पाणी, लसीकरण, कुष्ठरोग व क्षयरोगाची प्राथमिक ओळख इत्यादी गोष्टी शिकत. प्रशिक्षणाच्या काळात सर्व जातींच्या स्त्रियांनी एकत्र राहावयाचे व एकत्र जेवावयाचे, असा परिपाठ होता. गावी परतल्यावर हे ज्ञान ज्या घरी असे, त्या घराकडे इतरांना यावे लागे. ज्या उंबरठ्याच्या आत दलित स्त्रीला पूर्वी पाऊल टाकता येत नसे, तेथे ती बाळंतपणासाठी बोलावली जाऊ लागली.

या पद्धतीची फळे आकड्यांतही दिसतात. प्रकल्पाच्या नोंदींनुसार आरंभी दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्यूचा दर १९७६ पर्यंत ५२ वर आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील लोकाधारित आरोग्यकार्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे ध्येय जाहीर केले, त्यामागील अनुभवांतही जामखेडची गणना होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांची कल्पनाही या पूर्वपरंपरेशी जोडली जाते.

येथवरचा वृत्तान्त यशाचा आहे. परंतु महाड आणि जामखेड यांत एक मूलभूत भेद आहे व तो नजरेआड करता येत नाही. महाडला पाणी हक्काने घेतले गेले. जामखेडला ते गरजेपोटी वाटून घेतले गेले. हक्काच्या मार्गात संघर्ष अटळ होता, आणि महाडला सत्याग्रहींना मारहाण सोसावी लागली. गरजेच्या मार्गाने तो संघर्ष पुष्कळसा टळला. पण दलितांचा पाण्यावरील अधिकार सवर्णांनी तत्त्वतः मान्य केला काय, हा प्रश्नही त्याबरोबर टळला. विहीर, दवाखाना व बाळंतिणीची खोली येथे व्यवहार बदलला. जमिनीची मालकी व विवाहसंबंध ही क्षेत्रे मात्र आरोग्यकार्याच्या आवाक्याबाहेर राहिली.

ही मर्यादा किती खोल आहे हे १७९५ च्या लढाईमुळे इतिहासाला परिचित असलेल्या, जामखेड तालुक्यातीलच खर्डा गावात २०१४ मध्ये दिसून आले. सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याची तेथे हत्या झाली व २०१७ मध्ये न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. या घटनेचा दोष आरोग्य प्रकल्पाकडे जात नाही, हे उघड आहे. मात्र चार दशकांच्या आरोग्यकार्याच्या परिसरातही विवाहाच्या प्रश्नावर जातीची पकड किती घट्ट राहू शकते, याची ती साक्ष आहे.

म्हणून जामखेडच्या प्रयोगाचे मूल्यमापन दोन अंगांनी करणे इष्ट ठरते. दवाखान्याने ऐक्य निर्माण केले, हे विधान अतिव्याप्त आहे. ज्या गोष्टींवाचून गावाचे चालत नाही त्या गोष्टी, म्हणजे पाणी आणि रोगाविषयीचे ज्ञान, गावाने ज्यांना दूर लोटले त्यांच्या हाती देण्यात आल्या, आणि त्यामुळे नित्याच्या व्यवहारापुरती अस्पृश्यता मोडली, एवढे निश्चितपणे म्हणता येते. बालमृत्यू घटण्याचे एक कारणही यातच सापडते. कारण दलित वस्तीतील हगवण व सवर्ण वस्तीतील हगवण यांना निरनिराळे उपचार नव्हते, आणि दोन्हीकडे पोहोचणारी स्त्री एकच होती. महाराष्ट्रातील सामाजिक समतेच्या इतिहासात सत्याग्रह, कायदा आणि चळवळ यांच्या जोडीला या चौथ्या मार्गाची नोंद व्हावयास हवी. पहिल्या तिहींचे कार्य या मार्गाने संपविले नाही, हेही त्या नोंदीत यावे.