फुलांना कुणी गाव विचारलं नाही

पहिले पाऊस पडून गेले की आपल्या रत्नागिरीत रोपांची देवघेव सुरू होते. जास्वंदीची फांदी, अनंताची फांदी, अबोलीचं रोप. माहेराहून परतताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी फांदी आपल्यातल्या कितीतरी जणींनी आणली असेल. आज आपण या परसातल्या फुलझाडांचाच थोडा इतिहास पाहू.

आपण ज्यांना आपली म्हणतो त्यांतली बरीच झाडं पाहुणी आहेत. झेंडू, गुलबक्षी, निशिगंध, देवचाफा ही मूळची अमेरिका खंडातली. युरोपची जहाजं तिकडे जाऊ-येऊ लागल्यावर ती आपल्याकडे आली आणि रुजली. अनंत चीनकडचा. बकुळ, सुरंगी आणि अबोली मात्र इकडच्याच. पण देवाच्या परडीनं कुठल्याच फुलाला गाव विचारलं नाही. जे फुललं ते तिनं घेतलं.

फूल माळणाऱ्या बाईला मात्र एक प्रश्न विचारला गेला. तिचा नवरा आहे का?

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी झाडांना घालणारी, पहाटे फुलं काढणारी, केळीच्या सोपटात वेण्या गुंफून देणारी बाई पुष्कळदा घरातली विधवा असे. अबोलीची वेणी तिच्या हातून व्हायची आणि दुसरीच्या केसांत जायची. ब्राह्मण घरांत तर तिचे केसच काढले जात आणि अंगावर लाल आलवण येई. इतर अनेक समाजांत पाट लावायची मुभा होती, पण पाट लागेपर्यंत कुंकू आणि फूल तिथंही बहुधा वर्ज्यच.

विधवेच्या लग्नाला कायद्यानं १८५६ सालीच मान्यता दिली होती. पण कागदावरचा कायदा परसापर्यंत यायला फार वेळ लागतो. आपल्या देवरुखची गोदूबाई लहानपणीच विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथं ती शिकायला गेली. १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. हे जोडपं गावी आलं तेव्हा गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि गोदूबाई 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच संपली असं म्हणावं, तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्यानंतर राज्य सरकारनंही इतर गावांना तसं आवाहन केलं. म्हणजे प्रश्न अजून परसातच उभा आहे.

म्हणून यंदा एक तरी अबोली लावू या. तिला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते. मुळाशी पाणी साचलं तर ती कुजते, तेव्हा आपल्या पावसात चिरे लावून वाफा उंच करावा आणि शेणखत घालावं. बी हवं असेल तर सुकलेली कणसं पावसाआधीच काढून कोरडी ठेवावीत. पाणी लागलं की बोंडं तडकतात आणि बी दूर उडून जातं.

अबोलीला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही. वेणी झाली की घरातल्या सगळ्या जणींना विचारावं. आजीला, काकूला, शेजारच्या वहिनींना. कुणी नको म्हणाली तर तिची मर्जी. पण विचारल्यावाचून कुणाला वगळू नये.